फरक आहे म्हणते

नानजिंग, २ फेब्रुवारी २०२५

आ. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि. फोनवर आई शेजारीच असते आणि स्वतःच्या तब्येतीची उत्तरं स्वतःच देते, म्हणून तुम्हाला हे वेगळं लिहिते. माझ्या वर्गातली नागपूरची सुरभी सुट्टीत घरी येते आहे. तिच्याबरोबर आईच्या पोटासाठी एक पुडा दिला आहे. संत्र्याची वाळकी साल आहे, हसू नका. इथले जुने वैद्य ती तीन-तीन वर्षं मुरवतात आणि पोट जड होणं, गॅस, भूक न लागणं यावर काढा देतात. डॉक्टरकीबरोबर हाही एक विषय आम्हाला आहे. दोन तुकडे, आल्याची चकती, दोन कपांचं एक कप होईतो उकळायचं. महिनाभरात फरक पडला नाही, तर डॉक्टरला दाखवा आणि मला खरं कळवा.

तुमची माया दुरूनही पोचते, ती तशीच येऊ द्या.
तुमची उर्वशी

नेर, १६ मार्च २०२५

चि. उर्वशीस अनेक आ.
पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. तुझ्यासारखं भराभर टाइप करणं मला जमत नाही. तुझ्या आईनं पुडा हुंगला आणि म्हणाली, पोरगी चीनमंधी डॉक्टर व्हाले गेली अन् सालपटं धाडून राह्यली, हे तं आपल्या इथं बकऱ्याही खात नाही. पण त्या दिवसापासून एकही काढा चुकलेला नाही. शेजारच्या पुष्पाला मुद्दाम बोलावून वास देते, माह्या पोरीचं औषध म्हणून. महिना होऊन गेला. मी रोज विचारतो, ती रोज सांगते, फरक आहे. जेवण मात्र अर्ध्या भाकरीवर आलं आहे. परवा सगळे ब्लाउज दोन-दोन बोटं आत घेतले. म्हणते, वजन उतरलं, तेही पोरीच्याच औषधानं.

तूर घरात आली. अभ्यास सांभाळ आणि आम्हाला मनात ठेव.
तुझे बाबा

नानजिंग, १७ मार्च २०२५

आ. बाबांस,
जयभीम. या औषधानं वजन उतरत नाही. काढा आजच बंद करा. घास अडकतो का, उलटी होते का, शौचाला काळं होतं का, हे तिला समोर बसवून विचारा, पण तिच्या उत्तरावर विसंबू नका. उद्याच यवतमाळला नेऊन दुर्बिणीनं पोट तपासून घ्या. मी पाठवलं ते जड पोटासाठी होतं. तिच्या पोटाला एकदाही हात न लावता मी औषध पाठवलं, बाबा.

काय निघेल ते लगेच कळवा. वाट पाहते.
उर्वशी

नेर, १३ एप्रिल २०२५

चि. उर्वशीस अनेक आ.
फोनवर तुला अल्सर सांगितला. तो अल्सर नाही. जठराचा कॅन्सर आहे आणि यकृतापर्यंत गेला आहे. डॉक्टर आता वर्षांत नाही, महिन्यांत बोलतात.

यवतमाळहून परतताना एसटीत तिनं मला सांगितलं. फरक एकही दिवस नव्हता. घास तर दिवाळीपासूनच अडकत होता. मी चिडलो, काहून नाही सांगितलं म्हणालो. तर म्हणते, पोरीनं पयल्यांदा औषध देल्लं, अन् ते लागू नाही पडलं असं मी कसं म्हणू? उद्या दुसऱ्याले औषध देतानी तिचा हात कापन. मग जूनमधली तुझी परीक्षा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

काल पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणत होतो. तीन शीलं म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते तोंडातून निघालं नाही. सगळ्यांचा आवाज पुढं गेला, मी हात जोडून तसाच बसलो. पलीकडे बायकांत बसून तुझी आई ते मोठ्यानं म्हणत होती.

डॉक्टरांना मी विचारलं, सालीनं काही बिघडलं का. ते म्हणाले, नाही, गाठ आधीचीच आहे. हे तू मनावर कोरून घे. महिना गेला तो माझ्यामुळे. ब्लाउज डोळ्यांनी पाहिले आणि तिचा शब्द खरा धरला.

परीक्षेचं तू ठरव, असं म्हणून मी सुटणार नाही. तू ये. तू येतेस हे तुझ्या आईला, सत्यशीलेला, सांगत नाही. तुला दारात पाहून ती आधी रागावेल. रागावण्याइतकी ताकद तिच्यात अजून आहे. तेवढ्यात ये.

तुझी वाट पाहणारा,
बाबा