प्रेसवरची जाळी

सोम. ७ जाने. २००२
पॅकिंगमधून उचलून आजपासून प्रेस खात्याची सुपरवायझर, पत्र्याची झाकणं ठोकतात तिथे. पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, वासंतीताई, आता तुम्ही साहेब. साहेब कसली. आधीचा सुपरवायझर प्रेसवर फिलूचं बोट गेल्यावर महिन्याभरात सोडून गेला, म्हणून मी.

शेठने मागच्या आठवड्यात मुंबईला शिबिराला पाठवलं होतं. माणसांकडून काम कसं करून घ्यावं. सकाळी हसून स्वागत करा, प्रत्येकाला नावाने हाक मारा, कौतुक सगळ्यांदेखत, चूक एकट्यात. लिहून घेतलंय सगळं.

दारात उभी राहून प्रत्येकीला नावाने नमस्कार केला. सगळ्या तशाच आत गेल्या. हिराबाई तेवढी थांबली. इथल्या कामण गावचीच, कारखान्याचा हा गाळा सुरू झाला तेव्हापासून आहे, तिने मान हलवली की बाकीच्या हलवतात. म्हणाली, "मॅडम, फिलूच्या मशिनवर कोन बसनार?"
बघते म्हटलं.

मंगळ. ८
लवकरची एसटी धरली. सगळ्यांच्या आधी पोचायचं, हे ठरवलंय. आणि संध्याकाळी निघण्याआधी रोज एकीला तिचं काय चांगलं झालं ते सांगायचं. नुसतं 'छान' नाही. काय छान, ते.
सकाळच्या नमस्काराला आज दोघी हसल्या. माझ्यावर हसल्या बहुतेक. असू दे. उद्याही करणार.

फिलूचं मशीन बंदच. कुणी तिकडे फिरकत नाही. त्या बाजूने पाणी प्यायलासुद्धा जात नाहीत, वळसा घालतात.

शुक्र. ११
सुटल्यावर फिलूकडे गेले. माणिकपूरहून रिक्षाने, पुढे वाडीतून चालत. एवढ्या दिवसांत गाळ्यातून कुणी आलं नव्हतं, तिची आई म्हणाली. रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. चहा, घरचे केळ्याचे काप.

फिलूने हात पदराखाली धरला होता. मग आपणच बाहेर काढला. तर्जनी अर्धी. जखम भरलीय.

विचारलं, कसं झालं. मशिनला पुढून लोखंडी जाळी होती म्हणे. हात आत जाऊच नये अशी. पत्रा जाळीखालून सरकवायला वेळ जातो म्हणून दसऱ्याच्या ऑर्डरला काढली, ती परत लावलीच नाही. कुणी काढायला सांगितली हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघींना माहीत.

निघताना म्हणाली, "ताई, मला कामावर यायचंय. भाऊ नको म्हणतो. पण मला यायचंय."
येताना रिक्षात शिबिराची वही पर्समध्ये होती. काढावीशी वाटली नाही.

शनि. १२
जाळी सापडली. गाळ्यामागे भंगारात, पत्र्याच्या कातरणाखाली. जरा वाकलीय, बाकी धड.
फिटर म्हणाला, शेठना विचारून लावतो. मी म्हटलं, सुपरवायझर मी आहे, मी सांगतेय. आवाज चढला माझा. शिबिरवाले नापास करतील. पण लावली त्याने.

सोम. १४, संक्रांत
डबा भरून तिळगूळ नेला. वाटून झाल्यावर फिलूच्या मशिनवर जाऊन बसले. पॅकिंगला येण्याआधी वर्षभर प्रेस चालवलेली. पेडलवर पाय ठेवला. पहिलं झाकण निघालं ते वेडंवाकडं. दुसरं बरं. हिराबाई मागे उभी. सगळं खातं थांबलेलं, मला पाठीला कळत होतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. सुट्टीनंतर येऊन बघते तर हिराबाई त्या स्टुलावर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कौतुक सगळ्यांदेखत वगैरे ठीक, पण काही वेळा गप्प बसावं.

मग बाकीच्या मशिनना जाळ्या आहेत का पाहिलं. आहेत, नावाला. दोन बांधून वर केलेल्या. खाली करून घेतल्या.

बुध. १६
माल कमी निघतोय. माहीतच होतं. शेठने केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.
"बायकांना जोर यावा म्हणून तुम्हाला शिबिराला पाठवलं. तुम्ही तर ब्रेक लावलात."
म्हटलं, शेठ, भ्यालेली बाई सावकाशच काम करते. जाळी असो नसो.
ते म्हणाले, शनिवारी तुपाच्या डब्यांची झाकणं गेली नाहीत तर पार्टी भिवंडीच्या दुसऱ्या कारखान्याकडे जाईल. मग जाळीही नको आणि सुपरवायझरही नको. हे हसून म्हणाले. हसून बोलायचं, हे त्यांना शिबिराशिवाय येतं.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पोरीचं बारावीचं वर्ष आहे, आत्ता कशाला अंगावर घेतेस. मी भाजी चिरत राहिले. मग हेच म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं बोट गेलं तर तुला झोप लागणार नाही. आणि मग मलाही नाही." एवढंच. आणि सकाळी लवकर उठवतो म्हणाले.

गुरु. १७
सकाळी मशीन चालू करण्याआधी सगळ्यांना जवळ बोलावलं, शेठ काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. शिबिरात बजावलं होतं, वरचा ताण खाली उतरवू नका. मला वाटतं, यांच्या बोटांचा प्रश्न आहे तर यांना कळलं पाहिजे.
कुणीतरी म्हणालं, मग काढा ना जाळी, सांभाळून करू. हिराबाई त्या बाईकडे वळली. म्हणाली, "फिलू काय झोपली होती काय?"
ती बाई मागे सरकली.

मग मी सुचवलं, जोडीने करू. एक पत्रा कापून हाताशी देईल, दुसरी प्रेसवर. मान दुखायला लागली की बदली. कुरकूर झाली, कोण कुणाबरोबर यावरून जास्त. पण दुपारनंतर लय लागली. ठोक्याला ठोका. कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. या खात्यात गाणं मी पहिल्यांदा ऐकलं.
मीपण एका जोडीत. हाताला कातरण लागलं, किरकोळ.

शनि. १९
टेम्पो गेला. भरून. शेवटची खोकी आम्हीच चढवली, हमालांची वाट न बघता. हिराबाईने मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. "पानी घ्या, ताई." मॅडम नाही.
शेठ बघत होते. सोमवारी बोलू, एवढंच म्हणाले. जाताना फिटरला बाजूला घेतलं.

रवि. २०
कपडे, निवडण, पोरीचा अभ्यास. मन थाऱ्यावर नाही.

सोम. २१
गाळ्यातूनच लिहितेय. पॅकिंगच्या टेबलावर.

सकाळी आले तर सगळ्या जाळ्या काढलेल्या. एकावर एक रचून शेठच्या केबिनबाहेर. फिटर मान खाली घालून, ताई, मला सांगितलं तसं केलं. त्याला काय बोलणार.

बायका येत गेल्या. प्रत्येकीला नमस्कार केला, नावाने. मग म्हटलं, मी आज मेन स्विच चालू करणार नाही. ज्यांना वाटतं काम करावं त्यांनी करा, राग नाही, घर सगळ्यांना आहे. पण मी चालू करणार नाही.

हिराबाई आपल्या स्टुलावर बसली. हात मांडीवर. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच बसल्या, आपापल्या मशिनसमोर. कुणी उठून गेलं नाही, कुणी स्विचकडे गेलं नाही.

मधेच फिलू आली. आज पहिला दिवस तिचा, मीच निरोप पाठवला होता, आजच नेमका. दारात उभी राहून बघत राहिली. सांगितलं, तू घरी जा, आज काही खरं नाही. म्हणाली, "नाय ताई. मी पन बसते." तिच्या मशिनवर कुणी बसलं नव्हतं. ती तिथेच बसली. दोन्ही हात उघडे, समोर.

बाहेर गाडीचा आवाज. शेठच. गाडीचं दार लावल्याचं ऐकू आलं. वही बंद करते, पुढे होते. माझ्यामागून स्टुलं सरकल्याचा आवाज येतोय, माझ्याबरोबर यायला उठतायत बहुतेक सगळ्या