गढ्याच्या दवाखान्याची गाडी

२६ ऑक्टोबर १९७१

शकु गेली. अडली होती, मोठ्या हॉस्पिटलात नेताना टांग्यातच!

गढा वस्तीतल्या आमच्या दवाखान्याची गाडी दारात उभी होती — नुसती उभी. चालवणार कोण? ड्रायव्हर श्यामसुंदरला फौजेनं परत बोलावून घेतलं, अन् दुसरा मिळून नाही राहिला. जो तो फौजेच्या फॅक्टरीत, नाहीतर डेपोत. मी नर्स. तिचा हात धरून टांग्यात बसले, एवढंच केलं. चढावर घोडा अडला. तो हलेपर्यंत हात गार पडला होता.

लेकरू पोटातच.

२८ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी शिकते गाडी. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "अनसूया, तुला सायकल तरी येते का?"

नाही येत.

घरी बंडूला सांगितलं. धाकटा भाऊ असून काय ओरडला! "काहून पण? साऱ्या क्वार्टरांत हसं करून घेतेस का, ताई?" त्याची बायको विभा — सातवा लागलाय तिला — खाली मान घालून मेथी निवडत राहिली.

४ नोव्हेंबर

लर्निंग लायसन्स आलं. शेजारचे विष्णुपंत शिकवून राहिले. बर्माच्या लढाईत लॉरी चालवलेला माणूस, दातओठ खातो. "झोपलेल्या लेकराखालून हात काढतेस ना, तसा क्लचवरून पाय काढ!" मी कसा काढते? धाडकन. गाडी उडी मारते अन् बंद!

९ नोव्हेंबर

आज पातळाचा काठ ब्रेकखाली अडकला. गाडी नाल्याच्या काठावर, पुढचं एक चाक हवेत. पोरं-बाया जमा झाल्या. "अरे, नर्स दीदी है!" विष्णुपंत खाली उतरून विडी ओढत उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

नाही जमणार मला.

२३ नोव्हेंबर

नापास.

चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली. गाडी मागे घसरली. मागे सायकलवाला — उडी मारून वाचला! इन्स्पेक्टरचा चेहरा पांढराफटक. "बहनजी, किसी की जान लेंगी क्या?"



४ डिसेंबर

लढाई लागली. काल रात्री भोंगा झाला तेव्हा विभा माझ्या कुशीत शिरली, लहान पोरीसारखी. काचांना काळे कागद चिकटवले. गाडीचे दिवेही अर्धे काळे केले. बंडू फॅक्टरीतून घरीच येऊन नाही राहिला, डबल शिफ्ट.

टेस्टचं विचारायला गेले. "अभी जंग है. बाद में आइए." बाद में म्हणजे कधी? बायका थांबतात का बाद में?

७ डिसेंबर

लिहायलाच पाहिजे. नाहीतर डोकं फुटेल.

संध्याकाळी विभाला एकदम अंगावरून जायला लागलं. चादर, सतरंजी, सगळं भिजलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "इथं नाही होणार. मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता!" विष्णुपंत तापानं फणफणलेले. बंडू फॅक्टरीत. अंधार पडून राहिला होता अन् रस्त्यावर एक दिवा नाही.

मी किल्ली घेतली.

मागे डॉक्टरीणबाई विभाला धरून. समोर काही दिसत नव्हतं — माणसं गाडीच्या पुढ्यात आल्यावरच दिसायची. हॉर्न दाबून धरला. चढावर इंजिन बंद पडलं. हँडब्रेक ओढला. पुन्हा किल्ली फिरवली. "ताई," मागून विभा म्हणाली, "ताई, चला ना." बस, एवढंच. पाय काढला — हळू, हळू — अन् गाडी चढली!

विभा वाचली.

मुलगी होती. रडलीच नाही.

मोठे डॉक्टर हात पुसत म्हणाले, "जरा आधी पोचल्या असत्या तर..." मी सारा रस्ता पहिल्या गिअरमध्ये आले होते. भीतीनं. दुसरा टाकलाच नाही.

८ डिसेंबर

बंडू आला. माझ्याकडे बघितलं नाही. कपड्यात गुंडाळलेलं घेऊन एकटाच नदीवर, ग्वारीघाटला गेला.

१० डिसेंबर

आज बोलला. डबा भरून देत होते, तर म्हणाला, "ताई, तू पहिल्यातच नेली ना गाडी? विष्णुपंत म्हणे, इंजिन नुसतं तापून गेलं होतं."

मी हो म्हटलं. खोटं काय बोलणार?

चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "चल. टेस्ट घेत नाहीत म्हणजे काय? मी येतो."

अन् आला! झोप नाही, दाढी नाही, ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. "साहब, मेरी बहन का टेस्ट लीजिए. मैं यहाँ से हटूँगा नहीं." इन्स्पेक्टरनं रजिस्टर उघडलं. सोमवारी या म्हणाला.

१३ डिसेंबर

पास.

पहिला, दुसरा, तिसरा. चढावर केसभरही मागे नाही आली. आनंद काही झाला नाही. विभाच्या अंगात दूध भरून राहिलं, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिच्या उशाशी लायसन्स ठेवलं. तिनं हात लावून बघितलं. "आता चालवाल ना रोज?" म्हणाली.

रोज, म्हटलं. रोज चालवीन.

१४ डिसेंबर

सकाळीच फौजेचा सुभेदार कागद घेऊन आला. जखमींची रेल्वे येऊन राहिली, स्टेशनवरून मिलिटरी हॉस्पिटलात न्यायला गाड्या पाहिजेत. आमची गाडीही. ड्रायव्हरसकट. डॉक्टरीणबाई भांड-भांड भांडल्या. तो हात जोडून म्हणाला, "माताजी, लड़के प्लेटफॉर्म पर पड़े हैं."

परत कधी, ते त्यालाही माहीत नाही. निघते.

दिवस भरलेल्या तिघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघितलं नाही.