सांता आनाचा तिसरा खांब

केल्मेन, शनिवार

प्रिय बेलार्मिनोदादा,

तुझे गुडघे आता बरे असतील असं धरून चालते. तिकडच्या, पुंता आरेनासच्या वाऱ्याबद्दल तू लिहिलंस ते वाचून एवढंच सांगावंसं वाटलं, की सत्तरी ओलांडलेल्या माणसाने टोपी कानांवर ओढून घेण्यात काही कमीपणा नसतो. मी बरी आहे. दम लागतो, पण तो टेकडी चढताना, आणि आपलं घर टेकडीवर बांधलं त्यात माझा दोष नाही. बटाटा यंदा बारीक आला, चवीला मात्र चांगला आहे. चुलतबहीण क्लोरिन्दा (तिच्याबद्दल पुढे बरंच यायचं आहे) तुझी आठवण काढते. प्रत्येक पत्रासारखं याही पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "माझा सायप्रस कसा आहे?" त्या झाडाची खबर याच पत्रात आहे, पण तिच्या जागी. मठाच्या शाळेत सिस्टर पुरिफिकासियोन आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. त्या सांगायच्या, मोठी बातमी पहिल्या पानावर लिहू नये, वाचणाऱ्याला खुर्ची ओढून घ्यायला वेळ द्यावा. तेव्हा आधी खुर्ची घे.

आपल्या सांता आनाच्या चर्चमधला तिसरा खांब तुला आठवत असेल, डावीकडचा, बायकांच्या बाजूचा. संगमरवरासारखा रंगवलेला, निळसर शिरांचा. लहानपणी मला तो खरोखर दगडाचा वाटायचा आणि उन्हाळ्यात मी त्याला गाल लावून बसायची. (तो कधीच थंड लागला नाही, पण मी तसं कबूल केलं नाही.) त्या खांबाशी बसायचा मान क्लोरिन्दाच्या घराण्याचा, तिच्या आजीने त्या जागेपायी सख्ख्या जावेशी मरेपर्यंत अबोला धरला होता. तर सांता आनाच्या नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, जपमाळ चालू असताना, क्लोरिन्दाला डुलकी लागली (ती म्हणते ध्यान लागलं), तिने खांबावर कोपर टेकलं आणि ते आत गेलं. कोपर आत, क्लोरिन्दा बाहेर, आणि बायकांची बाजू निम्म्या प्रार्थनेवर थांबलेली.

पाद्री वर्षातून दोनदाच होडीने येतात, एरवी प्रार्थना आबेलिनोभाऊच सांगतात. ते पुस्तक मिटून जवळ आले आणि म्हणाले, "क्लोरिन्दा, हात काढ."

"काढते, पण आत काहीतरी हलतंय."

"मग तर लवकर काढ."

आत उंदरीण होती आणि तिची पिल्लं. दुसरं काहीच नव्हतं. वरच्या फळ्या उतरवल्या तेव्हा मधल्या खोडाच्या जागी ओंजळभर तपकिरी भुसा निघाला. म्हणजे आपली बारशी, लग्नं, आईबाबांना शेवटचं आणलं ते दिवस, या सगळ्या वेळी त्या बाजूचं छप्पर पातळ फळ्यांवर, रंगावर आणि सवयीवर उभं होतं. आबेलिनोभाऊंनी सगळ्यांना हळूहळू, एकेक करून बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं. ते कुलूप लागलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मग कास्त्रो शहराहून एक आर्किटेक्ट मुलगी आली. शहाणी आणि गोड पोर. छोट्या हातोडीने तिने सगळं चर्च डॉक्टरसारखं ठोकून पाहिलं आणि निदान सांगितलं: बाकीचे खांब निरोगी आहेत, तिसरा बदलायचा, लाकडाच्या जागी लाकूडच, सबंध एका खोडाचं, आणि उत्तरेचं पुढचं वादळ यायच्या आत. नाहीतर छप्पर मधोमध बसेल. तिने आम्हाला आमचंच चर्च समजावून सांगितलं, आणि मला बाबा आठवले. आपल्याला बाकावर उताणं झोपवून ते वर दाखवायचे. ज्यांनी हे बांधलं त्यांना चर्च बांधता येत नव्हतं, होड्या येत होत्या. म्हणून त्यांनी एक भलीमोठी होडी बांधली आणि उलटी करून खांबांवर ठेवली. त्या बघ फासळ्या, तो बघ कणा. सगळ्या सांध्यांना लाकडाच्या खुंट्या, खिळा एकही नाही. तू विचारायचास, "मग ही सुलटी केली तर तरंगेल का?" आणि बाबा म्हणायचे, "दार उघडं असेल तर नाही."

कुलूप लागल्यापासून सांता आनाची मूर्ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. गावात दुसरं कुणाचं राहतं घर इतकं रिकामं नाही. तिला चुलीशेजारी खुर्चीवर ठेवलंय, मांडीवर तिची लेक, छोटी मरिया, आहेच. लोक प्रार्थनेला येतात आणि जेवून जातात. तिच्या लोकरी शालीला तळणाचा वास लागला आहे. मला तिची सोबत होते, खोटं कशाला सांगू. सकाळी मी तिच्याशी बोलते, हवापाण्याचं. पण खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो, आणि मीच खुर्ची फिरवून तिची पाठ तिकडे केली.

आता खुर्ची जवळ ओढ. एवढा सरळ, एवढा उंच सायप्रस या बेटावर एकच उरला होता हे तुला ठाऊक आहे. बाकीचे जळाले, किंवा कुंपणाचे खुंट होऊन विकले गेले. तू दक्षिणेला मेंढ्यांच्या कामावर गेलास तेव्हा धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणालास, "त्याला कोणी हात लावायचा नाही. मी परत येऊन त्याची होडी बांधणार." कोणी लावला नाही. तुझे केस पिकले, माझे पिकले, आणि ते झाड म्हणजे तू येणार याची खूण झाली. दुसरी कुठलीच खूण नव्हती.

इथली रीत तू विसरला नसशील. मदत मागायची ती दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन, तीनदा. आणि अशा मागणाऱ्याला या बेटावर कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. तर सगळा गाव तुझ्या बंद घरासमोर जमला. आबेलिनोभाऊ दाराला उद्देशून म्हणाले, "बेलार्मिनो चिग्वाय, सांता आनासाठी झाड मागायला आलोय."

मागून क्लोरिन्दाचा नवरा म्हणाला, "अहो, घरात कोणी नाही."

"मला माहीत आहे. तू टोपी काढ."

म्हणून दादा, मी तुला रीतसर विचारते आहे. झाड तुझं, शब्दही तुझाच. तू नाही म्हणालास तर कोणी तुला बोल लावणार नाही, निदान माझ्यासमोर नाही. जे असेल ते कळव.

तुझ्या पायांना जप.

तुझी धाकटी,
एदुविना

ता. क. उत्तराची घाई करू नकोस. झाड मंगळवारी पाडलं. झालं असं, की आबेलिनोभाऊंनी दुसऱ्यांदा विचारलं तरी दार गप्प, आणि पाऊस सुरू झाला. मला ते बघवेना. तुझी किल्ली माझ्याकडे असते. मी मागच्या दाराने आत गेले, थंडी होती म्हणून खुंटीवरचा तुझा जुना कोट चढवला, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर पुढचं दार उघडून म्हणाले, "न्या." क्लोरिन्दा शपथेवर सांगते की आवाज तुझा होता. मी तिच्याशी वाद घातला नाही.

ता. क. पुन्हा, दोन आठवड्यांनी; पत्र न्यायला होडी अजून आलेली नाही. गावातल्या सगळ्या बैलजोड्या लागल्या. देणाऱ्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं असतं, म्हणून तुझ्या वाट्याचे बटाटे आणि सफरचंदाची दारू संपली. खांब उभा राहिला आहे. रंग अजून दिलेला नाही, आत शिरलं की ताज्या लाकडाचा वास येतो. सांता आना तिच्या घरी परत गेली, आणि माझं स्वयंपाकघर फार मोठं वाटतं. क्लोरिन्दा मानाच्या जागेवर बसते, पण टेकत नाही. तिला इतकं ताठ बसलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

ता. क. हे शेवटचं. खांबाला लागलं त्याच्या वरचं खोड उरलं आहे. आबेलिनोभाऊ म्हणाले, बाक करू. मी नको म्हटलं. तू म्हणायचास तेवढी मोठी होडी त्यात होणार नाही. दोन म्हातारी माणसं आणि एक टोपली मावेल एवढी होईल. मी मोजायला लावलं. ते तुझ्या पडवीत ठेवलं आहे, अजून ओलं आहे. एकाच कुशीवर पडून राहिलं तर वाकेल, अधूनमधून उलटवावं लागतं, आणि मला एकटीला ते हलत नाही.