तोरणाखालचं पाऊल

केनवड, ता. रिसोड
३ जुलै २०२५

चि. वैभवीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं काडेपेटीएवढं, चालताना ठोके वाजवणारं यंत्र पोचलं. कंपवातानं माझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक होत चाललंय, म्हणून सरावासाठी फोन न करता हातानं पत्र लिहायचं, हा तुझाच हुकूम. तेव्हा वाचताना डोळे दुखले तर तक्रार मामाकडे आणायची नाही.

यंत्राचं खरं सांगतो. अंगणात बरा चालतो, पण दाराशी आलो की पाय जमिनीला चिकटतात. यंत्र लावल्यापासून तर जास्तच. नागपुरात तू एवढं संशोधन करतेस आणि तुझा सख्खा मामाच त्यात नापास होणार, असं दिसतं.

मला घोर आहे तो पोळ्याचा. तोरणाखालून पहिली जोडी आपली जाते, हा आपल्या घराचा मान. मागच्या वर्षी मी तोरणाखालीच थिजलो. मागे साऱ्या जोड्या खोळंबल्या आणि विकासला माझ्या हातातून कासरा घ्यावा लागला. पोरानं बापाचा कासरा घेतलेला अख्ख्या गावानं पाहिला. यंदा पोळा भरवणाऱ्या देवमननं गोड बोलून सुचवलं, की कासरा आधीच पोराकडे द्या. मी सांगून टाकलं, "धरीन तं मीच धरीन, नाही तं घरी बसीन." बोललो खरा, पण पाय माझ्या ऐकण्यात नाहीत.

मामीचा आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी करायचं औषध अजून निघालेलं नाही.

तुझा
दौलतमामा


नागपूर
१२ जुलै २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. पहिल्या चार ओळी ठळक आणि पुढे मुंग्या, म्हणजे लिहिताना घाई झाली.

नापास तुम्ही नाही, मी. पाऊल टाकायचा हुकूम आतून सुटतो, तो कंपवातात अडतो. बाहेरून ठेका ऐकवला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय हलवतो. गाडरस्ता चिखलात बुडाला, की आपण धुऱ्यावरून, बांधाबांधानं जातो ना, तसं. इथल्या बऱ्याच जणांना त्याचा गुण येतोय, मग तुमचंच दाराशी उलटं का, ते मला कळत नाही. हे संशोधन चालवणाऱ्या आमच्या ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, की त्रास वाढत असेल तर तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल. त्यांचं बरोबर आहे, पण मला रडू आलं. मला खांद्यावर बसवून तुम्हीच पोळा दाखवलात.

मामीला एक काम आहे. मामी, हे दाराशी नेमकं काय करतात, ते लपून बघ आणि मला लिही. मामा खरं सांगायचे नाहीत.

लोभ असू द्या, आणि अक्षर मोठं असू द्या.

तुमची
वैभवी


केनवड
२० जुलै २०२५

चि. वैभवीले,
तुळसामामीचे अ. उ. आ.

तू म्हनलं म्हनून दाराआड उभी राहून पाह्यलं. पोरी, तुहं यंत्र पालीवानी चुकचुकते. हे उंबरठ्याशी येतात, यंत्र चुकचुकलं का थांबतात, चुटकी वाजवतात अन् हळूच "कृष्ण कृष्ण" म्हनतात. बाहेर निंगताना पाल चुकचुकली का पाय टाकाचा नाही, हे त्याईले माह्या सासूनं लहानपनीच शिकवलं. अन् तुही पाल तं चुप बसतच नाही, मंग मानसानं निंगाव कवा?

मी इचारलं, पोरीले काहून नाही सांगितलं? तं म्हने, एवढी शिकली पोरगी, तिच्या यंत्राले पाल कशी म्हनू?

आता तूच पाय. जेवत जाय. माया आहेच.

तुळसामामी


नागपूर
२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामा आणि मामी,
शि. सा. न. वि. वि.

मामीचं पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या, मग त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. पाऊल उचलावं म्हणून आम्ही जो आवाज निवडला, तोच तुम्हाला जन्मभर थांब म्हणत आला होता. आणि आम्ही सगळ्यांना एकच टिकटिक वाटत सुटलो होतो.

आता मॅडमनी पद्धतच बदलली. ज्याचं आयुष्य ज्या आवाजात गेलं, तोच आवाज त्याच्या चालीच्या ठेक्यात बसवून द्यायचा. एका शिंपीकाकांना शिलाई मशीनचा आवाज दिला, तर ते वॉर्डाच्या दारातून सरळ बाहेर गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मामी, हे तुझ्या पत्रानं झालं.

डवरणीच्या वेळी, पिकातलं तण काढताना, विकासदादानं आपल्या लाल्या बैलाच्या घुंगरमाळेचा आवाज फोनमध्ये भरून पाठवला होता. तो तुमच्या चालीत बसवून, कानात घालायच्या यंत्रात भरून धाडते आहे. मधलं मामीचं लाल्यावर खेकसणं कापलंय. ते तुम्हाला घरी ताजं मिळतंच.

फक्त पोळ्याच्या डफड्यात कानातलं ऐकू येणार नाही, याची मला धास्ती आहे. म्हणून रोज थोडं ऐका, मग बंद करा आणि तोच ठेका मनात धरून चाला. माझं येणं जमत नाही. पत्राची वाट बघते, बातमी कशीही असो.

लोभाची हक्कदार
वैभवी


केनवड
२४ ऑगस्ट २०२५

चि. वैभवीस,
अ. उ. आ. वि. वि.

अक्षर बघ आधी. या पत्रात एक मुंगी सापडली तर कळव.

तू म्हणालीस तसंच झालं. डफडं, पोळ्याच्या गाण्यांच्या झडत्या आणि चारी बाजूंनी शंभर बैलांची घुंगरं. त्यात कानातलं काही ऐकू येईना. तोरणाखाली आलो आणि पाय चिकटले. विकास जवळ सरकला. त्याचा हात कासऱ्याकडे आला, तो मला दिसला. देवमनही बघत होता.

मी कानातलं काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटले. सोयाबीनच्या तासातून लाल्यामागे डवरा धरून चाललोय, असं मनात धरलं. बाकीचा गलका दूर गेला आणि ठेका आला. एक पाऊल निघालं. मग दुसरं. डोळे उघडले तेव्हा तोरण मागे होतं आणि कासरा माझ्याच मुठीत होता. विकास लहान पोरासारखा रडत होता. अन् ऐक, पहिली हाळी देवमननंच दिली, सारं गाव त्याच्यामागे "हर बोला" म्हणालं. मला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता, पण हे मामीला कळवू नकोस.

दाराशी मामीनं लाल्याला ओवाळलं, त्याच्या जोडीच्या शंभूला ओवाळलं आणि मग मलाही. मी उंबरठ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात चौकटीवर पाल चुकचुकली, अगदी खरीखुरी. मामी आरती धरून जागच्या जागी थांबली.

मी आत गेलो.

लोभ वाढवायला आता स्वतः ये. दारापर्यंत घ्यायला मी येईन.

तुझा
दौलतमामा