गादीवरची जागा

जळगाव,
ता. १२ ऑक्टोबर १९७०

सौ. राजकुंवर भाभी,
जय जिनेंद्र.

तुमचे पत्र पोचले, त्याच्या आधी शेवेचा डबाही पोचला. डबा दोन दिवसांत संपला. पत्र पुरवून पुरवून वाचतो आहे. धुळ्याची शेव जळगावपेक्षा चांगली, हे मी आता कबूल करतो. भाईसाहेबांना तसे सांगा, म्हणजे आणखी एक डबा येईल.

इकडे सगळे ठीक. इथल्या जैन स्थानकात चातुर्मासासाठी महाराजसाहेब आहेत. रविवारी व्याख्यानाला जातो आणि मागे दाराशी उभा राहतो. रेल्वेने मला पार्सल ऑफिसात टाकले आहे. दिवसभर केळीच्या घडांचा वास, घरी आलो तरी कपड्यांतून जात नाही. पायाचे विचारलेत, तो बरा आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिता, बापूजींची इच्छा आहे की या लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्या शेजारी गादीवर बसावे आणि त्या दिवसापासून कापडाच्या दुकानात भाईसाहेबांच्या बरोबरीने राहावे. ते वाचले आणि मी ऑफिसातून उठून प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेलो. मला यायचे आहे, भाभी. खेळ सुटल्यापासून रोज यायचे आहे.

पण पर्युषणानंतर मी आलो होतो, तो दिवस आठवा. भाईसाहेबांनी शेजारच्या दुकानातून लोखंडी खुर्ची आणली. मी वर खुर्चीत, बापूजी खाली गादीवर, आणि माझा बूट नेमका त्यांच्या तोंडासमोर.

"बूट झकास आहे. रेल्वेचा का?" बापूजी म्हणाले.

मी हसलो.

"खाली ये ना. गादीला काय काटे आहेत?"

"पँट चुरगळेल, बापूजी."

कुठून सुचले कोण जाणे! त्यानंतर गिऱ्हाईक नव्हते तरी ते तागे उलगडत आणि गुंडाळत बसले. तुम्ही मात्र माझ्याकडे बघत होतात. निघताना माझी पिशवीही तुम्हीच उचललीत, म्हणून हे तुम्हाला लिहितो.

अजमेरच्या सामन्यात मी सिमेंटवर पडलो, एवढे घरी माहीत आहे. पुढचे मी कळवले नाही. गुडघ्यात पू झाला, दोनदा कापावे लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी वरचे आणि खालचे हाड एकमेकांना जोडून टाकले. पाय आता सरळच राहणार, जन्मात वाकणार नाही. बुटाची नाडी सोडायलाही मला हात पुरत नाही. मांडी घालणे तर दूरच. पूजेला गादीवर बसलो तर लक्ष्मीकडे आणि नव्या चोपड्यांकडे पाय पसरून बसावे लागेल, तेही बापूजींच्या शेजारी. बाजारातले सगळे लोक त्या दिवशी दुकानात येतात.

इथल्या हमालांना काही सांगावे लागले नाही. पहिल्या दिवशी झिपरूने जेवायला हाक मारली, "या ना साहेब, खाले बसा. तुम्हनं पान मांडेल शे." मी भिंतीला टेकून उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याने एक खोके आणून ठेवले. तेव्हापासून त्यावर बसून जेवतो.

तुम्ही म्हणाल, बापूजींना खरे सांगून टाका. ते खुर्ची मांडतील, मला माहीत आहे. पण रेल्वेने मला केवळ बास्केटबॉल खेळण्यासाठी नोकरी दिली, तेव्हा आपल्या समाजात केवढी बोंब झाली होती! वाण्याचा मुलगा चड्डी घालून चेंडूमागे पळणार म्हणून. बापूजी सगळ्यांना एकच सांगायचे, "एक मुलगा बसणारा आहे, एक पळणारा असू द्या." मद्रासला, पटियालाला, कलकत्त्याला खेळलो. वर्तमानपत्रात फोटो आला की ते गिऱ्हाइकाला तागा दाखवण्याआधी तो दाखवायचे. माझी उंची पाहून तुम्ही तर मला मुलगी बघण्याऐवजी शिडी बघायला निघाला होतात! आता पळणे गेले आणि बसणेही गेले, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? फार लाज वाटते, भाभी. आणि त्यांची दया मला सोसणार नाही.

म्हणून त्यांना एवढेच सांगा, की साहेबांनी रजा दिली नाही. ते चिडतील, पोरगा माजला म्हणतील. म्हणू द्या. माजलेला पोरगा आज ना उद्या ताळ्यावर येतो, आपणहून येऊन गादीवर बसतो, असे त्यांना वाटत राहील. पायाचे कळले की तेवढेही वाटायचे बंद होईल.

तुम्ही दिवाळीला माझे ताट मांडू नका. बापूजी वाट पाहत असतील, तर पाहू द्या.

तुमचा दीर,
निर्मलकुमार