आई गुडघाभर पाण्यात

प्रिय बाळ्या,

तुम्ही गेलात आणि घरभर वाळू राहिली. ती मी झाडून काढली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आईबद्दल आहे. सणाची सुट्टी, किनारा पर्यटकांनी फुललेला, आणि त्या गर्दीत तू तिला गुडघाभर पाण्यात नेलंस. तिचा तोल जातो हे तुला फोनवर कितीदा सांगितलंय! वर आइस्क्रीम. मी ओरडले तर म्हणालास, "ताई, तू तिची मुलगी आहेस की वॉर्डन?" आणि आई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

वर्षभर तिच्या गोळ्या मी देते, साखर मी तपासते, तिची बोलणी मी खाते. माझ्यासमोर ती अशी कधी हसली? तुम्ही निघाल्यावर तिची साखर वाढलेली निघाली, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही. पण संताप खोटा नाही. मजा तुझ्या वाट्याला आणि पथ्य माझ्या, ही वाटणी केली कोणी?

आज संध्याकाळी मी मुद्दाम म्हटलं, "आई, चल, समुद्रावर जाऊ."

तिने लगेच चपला घातल्या. मग दारात थांबून विचारलं, "पाण्यात उतरू देशील?"

"घोट्यापर्यंत."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

तुझी,
ताई