राणी रडली पाहिजे

१ जून, सकाळ
नवी वही. लेक राणीवरच्या ज्या ऐतिहासिक मालिकेचे संवाद लिहिते, तिथे माझी इतिहास सल्लागार म्हणून नेमणूक झाली. शब्द तिनेच टाकला, पण निर्मात्यांनी माझा आवाज फोनवर ऐकला होता, हेही विसरून चालणार नाही. काम पसंत पडलं तर नाव टायटल्समध्ये. बागेतल्या बाकावर बातमी सांगितली. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पाहू.
लेकीने जाडजूड फाइल दिली आहे. राणीची एकशे चौदा पत्रं. मला गरज नाही. राणीवरची कविता पाचवीला एकतीस वर्षं शिकवली, सोळाही कडवी पाठ आहेत.
'भाळ टेकुनी गवाक्षास त्या वाट पाहते राणी,
दीप विझाला, दिवस उगवला, सुके न नयनी पाणी.'
यापुढे इतिहास तो काय उरतो?
फाइल टेबलफॅनखाली ठेवली. वारा आता नीट तोंडावर येतो.

४ जून, दुपार १२.४०
पहिले भाग वाचून हादरलो. राजा मोहिमेवर, आणि राणी दिवाणाला सांगते, "महाराज परत येईपर्यंत सही माझी चालेल. ज्यांना चालत नाही त्यांनी घरी बसावं." पुढे म्हणे किल्ल्यातली विहीर सगळ्यांना खुली, जो अडवेल त्याने महिनाभर इतरांचं पाणी भरावं. हा इतिहास की निवडणुकीचा जाहीरनामा? आजची मतं बिचाऱ्या राणीच्या तोंडी कोंबायची, ही हल्लीची फॅशन. आमची राणी खिडकी सोडत नसे.
लाल पेनने गोल केले. समासात लिहिलं: आधुनिक.
फॅन खाली आलाय. हिने फाइल काढून शब्दकोश ठेवला. म्हणाली, तुमचं वाचून झालं असेल तर मी वाचते.

९ जून
निर्मात्यांच्या ऑफिसात मीटिंग. सोळा कडवी म्हटली. कोणी हललं नाही, भारावले असावेत. लेकीने मध्येच विचारलं, "बाबा, फाइल वाचलीत का?" मी म्हणालो, इतिहास फायलीत नसतो. निर्माते वाद नको म्हणणारे गृहस्थ. दोन्ही वाक्यं कापली. राणी खिडकीत रडणार. त्यांनी लेकीला बजावलं, मनचं घालणं पुन्हा दिसलं तर पुढचे भाग दुसरं कोणी लिहील.
परतताना ती बसमध्ये पुढच्या सीटवर बसली. थकली असेल. तिच्या भल्यासाठीच केलं.

१२ जून
लेकीचा फोन नाही. कामात असेल.
घरात रंगारी. हिने हॉलला निळा रंग ठरवला. मला विचारलं नव्हतं, पण भिंत पूर्ण झाल्यावर मी मान्यता दिली.
हल्ली माझ्या झोपेच्या वेळी, दीड ते चार, मालिकेच्या ऑफिसातून फोन येतात. ही घेते. विचारलं तर म्हणते, किरकोळ होतं, सांगितलं मी. सल्लागाराला सेक्रेटरी लागतेच.

१५ जून, संध्याकाळ
ही फाइल घेऊन समोर बसली. पत्र सदतीस. सहीचं ते वाक्य राणीचं स्वतःचं आहे, शब्दन् शब्द. विहिरीचा हुकूम, पत्र बावन्न. लेकीने मनचं काही घातलेलं नाही.
पत्र एकसष्ट हिने मोठ्याने वाचलं. "कारभार इतका, की खिडकीत उभं राहायला फुरसत नाही."
कविता मात्र अडीचशे वर्षांनंतरची. एका शिक्षण निरीक्षकाने पाठ्यपुस्तकासाठी लिहिली, मुलींना मर्यादा कळावी म्हणून. फाइलच्या प्रस्तावनेत तसं छापलंच आहे. पान तीन.
राणीचीही काही चूक होऊ शकते, असं मी सुचवलं. ही म्हणाली, "अहो, पोरीचं काम जातंय. उद्या जाऊन सांगा त्यांना, चूक माझी."
उद्या जाणार. ठरलं.

१६ जून
घसा बसला आहे.

१७ जून
घसा ठीक. बूट पॉलिशला दिलेत.

१८ जून
बूट आले. आज शनिवार, साहेब लोक शनिवारी भेटत नाहीत.

२० जून
झोपून उठलो तर ही घरात नाही, फाइलही नाही. सहाला परत आली. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, चहा चांगला होता. लेकीचा फोन आला. आईशी चाळीस मिनिटं बोलली, मला नमस्कार कळवला.
एकंदरीत प्रकरण मी शांतपणे हाताळलं.

३ जुलै, सायंकाळी ७.५०
पहिला भाग. बाकावरच्या पाचही जणांना बोलावलं होतं. टायटल्स लागली. संवाद: लेकीचं नाव. मग इतिहास सल्लागार. हिचं नाव. माहेरच्या आडनावासकट.
पोस्टमास्तरांनी विचारलं, "मास्तर, तुमचं कुठंय?" मी म्हणालो, आमच्या घरात एकाचं आलं की दोघांचं आलं. ते हिच्याकडे पाहत होते.
राणी दिवाणासमोर उभी राहिली आणि सहीचं वाक्य बोलली. वाक्य चांगलंच आहे. जुन्या काळच्या बायका अशाच बोलायच्या, मी पहिल्यापासून सांगतोय.
जाहिराती लागल्या. हिला लेकीचा फोन आला, तेव्हा चहा मी टाकला. साखरेचा डबा कुठला, ते दारातून दोनदा विचारलं. दोघी हसत होत्या, ऐकू गेलं नाही.
आधण यायला वेळ लागतो. तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. कपाळाला गज गार लागतो.
कवितेतलं एवढं मात्र निरीक्षकाने अनुभवाने लिहिलं असावं.